ओटीत मावेल तेवढं

"याच्या डोक्यात काही राहतच नाही जी, मॅडम."

फिरती विशेष शिक्षिका म्हणून मी ज्या शाळेत जाते तिथे चहाच्या आधी हे वाक्य येतं. कधी वर्गशिक्षक बोलतात, कधी आई, कधी पोरगा समोर उभा असताना वर्गातली बाकीची पोट्टी. वाक्य खोटं नसतं. फक्त त्यावरून पुढं काय करायचं ते कळत नाही. राहत नाही म्हणजे काय? सांगितलेलं आत जाण्याआधीच सांडतं, आत गेलेलं टिकत नाही, की टिकलेलं असूनही वेळेवर सापडत नाही? या तीन वेगवेगळ्या अडचणी आहेत आणि तिन्हींवर आपल्याकडे इलाज एकच: दहा वेळा लिहून आण.

माझी गावं यवतमाळ जिल्ह्यातल्या, वर्धा नदीकडच्या पट्ट्यातली. कापूस, तूर, सोयाबीन. जिल्हा परिषदेच्या दोन शिक्षकी शाळा, चार वर्ग, एका खोलीत दोन-दोन. अशा खोलीत कोणत्या पोराचं कुठं अडतं हे बघत बसायला शिक्षकाला सवड नसते, हे मला पुरतं मान्य आहे. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं ते २१ केले. त्यात अध्ययन अक्षमता आली, स्वमग्नता आली, आमच्या भागाला चांगला ठाऊक असलेला सिकलसेल हा रक्ताचा आजारही आला. पोरांना प्रमाणपत्रं मिळायला लागली, हे बरंच झालं. शिकवायचं कसं, ते मात्र प्रमाणपत्रावर लिहिलेलं नसतं.

विशेष शिक्षणाचा अभ्यासक्रम शिकताना स्मृतीचे सिद्धान्त आम्ही परीक्षेपुरते पाठ केले होते. गावोगाव फिरायला लागल्यावर त्यातला जो सगळ्यात आधी कामी आला तो कार्यस्मृतीचा. एखादी गोष्ट वापरून होईपर्यंत ती मनात धरून ठेवायची, एवढंच या स्मृतीचं काम. मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये मांडलं की माणूस एका वेळी साधारण सात गोष्टी धरू शकतो, दोन इकडं, दोन तिकडं. २००१ मध्ये नेल्सन कोवन यांनी हा हिशेब आणखी खाली आणला, चारच्या आसपास. हे धडधाकट मोठ्या माणसांचं. आठ-नऊ वर्षांच्या पोराचं, त्यातही शिकायला जड जाणाऱ्या पोराचं, त्याहून कमी.

कापूस वेचायला जाणारी बाई कमरेला कापडाची ओटी बांधते. ओटी भरली की ढिगावर रिकामी करायची, मग पुढच्या ओळीला लागायचं. भरलेल्या ओटीत आणखी कापूस कोंबला तर आधीचा सांडतो, आणि कुठं सांडला ते मागं वळून पाहिल्याशिवाय कळत नाही. आता वर्गातली एक साधी सूचना बघा: "वही काढा, बावीसावं पान उघडा, तारीख घाला, फळ्यावरचे शब्द उतरवा आणि काना असलेल्या शब्दांखाली रेघ ओढा." एका दमात पाच कामं. पोरगा वही काढतो आणि बसून राहतो. सर म्हणतात, लक्ष नाही. ब्रिटनमध्ये सुझन गॅदरकोल यांनी कार्यस्मृती कमी असलेल्या शाळकरी मुलांवर पुष्कळ काम केलं आहे. तिथंही शिक्षकांची तक्रार हीच निघाली. स्मृती कमी आहे असं फारसं कुणी म्हणालं नाही, लक्ष नाही असंच म्हणाले. म्हणजे पुलगावपासून इंग्लंडपर्यंत सगळे मास्तर सारखेच, असं मी एकदा म्हटलं तर आमचे एक केंद्रप्रमुख बरेच हसले होते.

त्यात आमच्याकडे भाषेचं ओझं वेगळंच. पोरगं घरी वऱ्हाडी बोलतं. बंजारा तांड्यावरचं असेल तर गोरमाटी, पोडावरचं म्हणजे कोलामांच्या वस्तीतलं असेल तर कोलामी. सरांची सूचना पुस्तकी मराठीत. ऐकलेलं आधी आपल्या बोलीत वळवायचं, मग लक्षात धरायचं, मग करायचं. म्हणून मी शिक्षकांना पहिलं जे सांगते ते अगदी किरकोळ वाटणारं असतं: एका वेळी एकच काम सांगा, त्याच्या बोलीत सांगा, ते झालं की दुसरं. एक सर म्हणाले, "मॅडम, हे तं कोनीबी सांगन." खरं आहे. पण करून कोणी पाहत नाही.

ॲलन बॅडली आणि ग्रॅहम हिच यांनी १९७४ मध्ये कार्यस्मृतीचे भाग पाडून दाखवले. त्यातला माझ्या कामाचा मुद्दा असा की ऐकलेलं धरून ठेवण्याची सोय वेगळी आणि पाहिलेलं धरून ठेवण्याची वेगळी. ऐकलेलं मनातल्या मनात घोकत राहावं लागतं, आणि साधारण दोन सेकंदांत जेवढं बोलून होईल तेवढंच त्यात टिकतं. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांची ही ऐकलेलं धरण्याची बाजू बहुधा कच्ची असते, पाहिलेलं धरण्याची त्या मानानं बरी. माझ्याकडे असा एक पोरगा आहे, सगळ्या शाळेचा लाडका. खिचडीच्या सुट्टीत हात धुवायचे, ताट घ्यायचं, आपल्या जागेवर बसायचं. रोज सांगूनही तो ताट घेऊन नळाजवळ उभा राहायचा, पाणी ताटात. शेवटी खिचडी शिजवणाऱ्या ताईंच्या मोबाइलवर त्याचेच फोटो काढले: नळाशी, साबण हातात, ताट हातात, जागेवर बसलेला. तालुक्याला जाऊन ते छापले, लॅमिनेशन केलं आणि त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर भिंतीला लावले. आता तो एकेका फोटोवर बोट ठेवतो आणि पुढं जातो. मागं कुणी ओरडावं लागत नाही. खर्च किती आला ते सांगायची लाज वाटावी इतका कमी.

त्याला शर्टाची गुंडी लावायला शिकवताना मात्र उलटीकडून सुरुवात केली. अख्खी कृती मी करायची, काजातून अर्धी बाहेर आलेली गुंडी ओढून घेणं एवढंच त्यानं. ते जमलं की त्याच्या आधीची पायरी त्याची. कबुतरांवर प्रयोग करणारे मानसशास्त्रज्ञ स्किनर आणि त्यांच्या मागून आलेले वर्तनवादी, म्हणजे शाबासकी देत देत वागणं घडवता येतं असं मानणारे, यांची ही पद्धत. तिचा फायदा हा की प्रत्येक वेळी काम पोराच्या हातून संपतं आणि शाबासकी लगेच पडते. वर्तनवादाला नाकं मुरडणारे पुष्कळ आहेत, आणि माणसाला कबुतरासारखं वागवतात हा त्यांचा राग मला समजतो. पण ज्या आईला तेरा वर्षांच्या मुलाचे कपडे रोज स्वतः घालावे लागतात, तिच्या अंगणात बसून मला तो वाद घालता येत नाही.

इथं प्रशिक्षणांबद्दल थोडं बोलून घेते. सभागृहात पंखे गरगरतात, पडद्यावर एक त्रिकोण येतो: वाचलेलं १० टक्के लक्षात राहतं, ऐकलेलं २० टक्के, पाहिलेलं ३०, केलेलं ९०. आकडे इतके गोल की संशय यावा. हा त्रिकोण ज्यांच्या नावावर खपवतात त्या एडगर डेल यांनी १९४६ मध्ये शंकूची आकृती काढली होती खरी, पण तिच्यात एकही टक्केवारी नव्हती. आकडे मागाहून कुणीतरी चिकटवले. दुसरी लाडकी गोष्ट म्हणजे दृश्य शिकणारे, श्राव्य शिकणारे, कृतीतून शिकणारे अशी पोरांची वाटणी. २००८ मध्ये हॅरोल्ड पॅशलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावरचं सगळं संशोधन चाळलं. मुलाच्या आवडत्या 'शैली'नुसार शिकवलं म्हणून तो जास्त शिकतो, याला पुरेसा पुरावा त्यांना सापडला नाही. मग फोटोवाल्या पोराचं काय, असं कुणी विचारेल. तिथं आवडीचा प्रश्नच नव्हता. ऐकलेलं धरणं त्याला खरोखर जड जातं. कच्ची बाजू ओळखून तिला टेकू देणं हे एक काम, आणि चांगल्या चालणाऱ्या पोरांच्या कपाळावर शिक्के मारणं हे दुसरं. दोन्हींची सरमिसळ झाली की वर्गात नुसते तक्ते लागतात.

स्मरणशक्ती वाढवणारी औषधं आणि मोबाइलमधले खेळ यांच्याबद्दलही पालक विचारतात. औषधाचं मी डॉक्टरांवर सोडते. खेळांचं असं की ते खेळून पोरगा त्या खेळात पटाईत होतो. मोनिका मेलबी-लेर्वाग आणि चार्ल्स ह्युम यांनी २०१३ मध्ये अशा प्रशिक्षणांच्या अनेक अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडला, तेव्हा वाचनात किंवा गणितात त्याचा टिकाऊ फायदा दिसला नाही. ओटी मोठी होत नाही. ढीग जवळ आणता येतो.

आता ज्या पोरामुळं हे सगळं लिहायला बसले त्याच्याकडं येते. पाचवीत आहे. अक्षरं ओळखतो, पण शब्द पहिल्या अक्षरावरून अंदाजानं ठोकून देतो. 'पाऊस' लिहिलेलं असेल तर 'पाटील' वाचतो. लिहिणं त्याहून कठीण. अध्ययन अक्षमता असावी असा माझा अंदाज. तपासणीसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी न्यायला हवं आणि बापाचा एक दिवसाचा रोज बुडतो, म्हणून ते पुढं पुढं जातंय. पण हाच पोरगा वेचणीच्या दिवसांत संध्याकाळी काट्याजवळ उभा असतो. आईचा कापूस तेवीस किलो भरला, दर किलोला नऊ रुपये. मालक मोबाइल काढायच्या आत हा सांगतो, दोनशे सात. कसं रे? "दहानं दोनशे तीस झाले ना, मंग तेवीस काहाडून टाकले." दुसऱ्या दिवशी शाळेत मी तोच गुणाकार वहीत मांडून दिला, तेवीस गुणिले नऊ. त्यानं नऊ त्रिक सत्तावीस, नऊ दुणे अठरा असं म्हणत एकाशेजारी एक लिहिलं: १८२७. उत्तर मोठं आलं म्हणून खूश होता. काट्याजवळ कुणी अठराशे सत्तावीस म्हणालं असतं तर त्यानंच त्याला वेड्यात काढलं असतं.

याच्यावर एक जुना अभ्यास आहे. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात तेरेझिन्हा नुनेस, डेव्हिड कॅरहर आणि ॲनालुसिया श्लीमन यांनी रस्त्यावर नारळ-फळं विकणाऱ्या पाच मुलांना गणितं घातली, आणि १९८५ मध्ये निष्कर्ष छापले. गाडीवर गिऱ्हाईक होऊन विचारलं तेव्हा ९८ टक्के उत्तरं बरोबर. तेच आकडे कागदावर नुसती गणितं म्हणून दिले तेव्हा ३७ टक्के. गोष्टीरूप गणितं दिली तर ७४ च्या आसपास. त्यातल्या एका मुलाला ३५ चा एक, अशा दहा नारळांचे किती, असं विचारलं. तो म्हणाला, तिनांचे १०५, आणखी तिनांचे मिळून २१०, असं करत करत ३५० वर आला. शून्य लावायची युक्ती शाळेनं त्याला शिकवली असणार, पण ती शाळेतच राहिली. पाच मुलांचा अभ्यास तो केवढासा, असं कुणी म्हणेल. मला त्या आकड्यांपेक्षा त्या मुलाची रीत ओळखीची वाटली. काट्याजवळचा माझा पोरगा नेमकं हेच करतो.

शिकलेली गोष्ट ज्या जागेत, ज्या कामात शिकली तिथंच ती चटकन हाताला लागते. दुसरीकडे ती आपोआप जात नाही, न्यावी लागते. जड जाणाऱ्या मुलांच्या बाबतीत तर हे फारच. म्हणून गणिताची वही मी आधी काट्याजवळ नेली. तो तोंडानं जे करतो ते मी लिहायची: २३० - २३ = २०७. चार संध्याकाळी नुसतं एवढंच. मग लिहिणं त्याच्याकडं गेलं. मग काटा नसताना, घराच्या ओट्यावर. शाळेतला फळा सगळ्यात शेवटी. वर्धा काही लांब नाही इथून. तिथं १९३७ च्या ऑक्टोबरात गांधीजींनी शिक्षण परिषद भरवली आणि झाकीर हुसेन समितीनं हस्तोद्योगाभोवती शिक्षण गुंफायची योजना आखली, तिला नई तालीम म्हणतात. त्यामागचा विचार स्मृतीचा नव्हता, स्वावलंबनाचा आणि श्रमाचा होता. तरीही टकळी फिरवता फिरवता गणित शिकवा म्हणणाऱ्या माणसांना हे काट्याजवळचं गणित ओळखीचं वाटलं असतं.

दुसऱ्या एका गावातला पोरगा मात्र या सगळ्या नियमांना आडवा जातो. तिसरीत असताना त्याला मेंदूज्वर झाला. आमच्या विदर्भाला या दुखण्याचं अप्रूप नाही. चांदीपुरा हा विषाणू १९६५ मध्ये नागपूरजवळच्या ज्या गावात पहिल्यांदा सापडला त्या गावाचंच नाव त्याला मिळालं. (या पोराला कशामुळं झाला ते कागदांवर कुठं नाही.) तो वाचला, चालता-बोलता झाला, पण सकाळी काय खाल्लं ते दुपारी सांगता येत नाही. शिकवलेला धडा दुसऱ्या दिवशी त्याच्यासाठी कोरा असतो. त्याच्याकडं पाहून मला नेहमी हेन्री मोलेसन आठवतात. १९५३ मध्ये अपस्माराच्या शस्त्रक्रियेत त्यांच्या मेंदूचा एक भाग काढावा लागला आणि त्यानंतर नव्या आठवणी बनणं थांबलं. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्यांना आरशात पाहून चांदणीची आकृती गिरवायला लावली. रोज ते म्हणायचे, हे मी आधी कधी केलं नाही. हात मात्र रोज सुधारत गेला. काय झालं याची आठवण एका ठिकाणी, कसं करायचं याची दुसऱ्या ठिकाणी.

या पोराचे आजोबा पोळ्याच्या आधी बैलांसाठी कासरे, दावे वळतात. त्यांना मिल्नर माहीत नाहीत. त्यांनी नातवाला मांडीजवळ बसवलं आणि त्याच्या हातावर हात ठेवून पीळ द्यायला लागले. हात चुकीकडं वळला की तिथंच धरायचे. "चुकूच द्याचं नाई," म्हणाले, "चुकलं तं तेच बसून जाते." बॅडली आणि बार्बरा विल्सन यांनी १९९४ मध्ये नव्या आठवणी टिकेनाशा झालेल्या रुग्णांवर हेच दाखवलं. अंदाज करू दिला की चुकीचा अंदाजच पक्का बसतो, कारण तो चुकीचा होता हे आठवायला लागणारी स्मृतीच त्यांच्याकडं नसते. चूक होऊच दिली नाही तर ते शिकतात. पोरगा आता कासरा वळतो. कुणी शिकवलं विचारलं तर इकडं तिकडं बघतो.

गंमत अशी की बाकीच्या पोरांना मी याच्या उलट सांगते. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांच्या २००६ च्या प्रयोगांत, धडा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा पुस्तक मिटून आठवून पाहणाऱ्यांना आठवड्यानंतर जास्त येत होतं. म्हणून मी विचारते, थांबते, चुकू देते, मग दुरुस्त करते. एकाला आठवायला लावायचं आणि दुसऱ्याला अंदाजसुद्धा करू द्यायचा नाही. पुस्तकात हे दोन नियम वेगवेगळ्या प्रकरणांत सुखानं नांदतात. एकाच दुपारी दोन गावं करताना रस्त्यात डोकं बदलावं लागतं.

सिकलसेल असलेली मुलगी सातवीत आहे. दुखणं उठलं की हातपाय धरून आठ-आठ दिवस घरी. ती गैरहजर का राहते ते सगळ्यांना कळतं. हजर असताना ती मंद का, हे कळत नाही, आणि मग 'आळशी' हा शेरा पडतो. या आजारात काही मुलांच्या मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या तुंबून लहान लहान इजा होतात. लकवा मारत नाही, बाहेरून काही दिसत नाही, पण लक्ष टिकवणं आणि काम आखून करणं यांवर परिणाम होतो. हिला तसं झालं आहे का ते तपासणीशिवाय कुणी सांगू नये, मीही सांगत नाही. पण शक्यता आहे एवढं समजल्यावर तिच्या सरांनी तिला पुढच्या बाकावर आणलं, पाण्याची बाटली सोबत ठेवू दिली आणि मोठा गृहपाठ तुकड्यांत द्यायला लागले. शेरा बंद झाला. ते सर मोठे चांगले. बदली होऊ नये.

उन्हाळ्याचं सांगायचं राहिलं. आमच्याकडं उन्हामुळं शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जून सरता सरता उघडतात. तोवर मार्चमध्ये येत असलेलं सगळं पुसलेलं दिसतं आणि आयाबाया हताश होतात. हर्मन एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये निरर्थक अक्षरजोड्या स्वतःच पाठ करून विसरण्याचा आलेख काढला, तो सगळ्यांना माहीत असतो: सुरुवातीला झरझर खाली, मग हळूहळू. त्यांनी मोजलं कसं, तिकडं कमी लोक पाहतात. विसरलेली यादी पुन्हा पाठ करायला आधीपेक्षा किती कमी वेळ लागतो, हे ते मोजत. म्हणजे आठवत नाही असं वाटत असतानाही काहीतरी उरलेलं असतं. जूनमध्ये मी पोरांना काय येतं ते विचारत नाही, पुन्हा शिकवायला किती लागलं ते लिहून ठेवते. मार्चला ज्या गोष्टीला महिना लागला होता ती आठवड्यात आली, असं आईला वहीतून दाखवता येतं. शिवाय मी गावात आठवड्यातून एकदा जाणार, तेव्हा दोन तास घोकून घेण्यात अर्थ नाही. पाच-पाच मिनिटांची कामं मी वाटून ठेवते: थोडं वर्गशिक्षकांकडं, थोडं खिचडीवाल्या ताईंकडं, थोडं आजीकडं. आज्या यात सगळ्यात भरवशाच्या.

भरवसा नसतो तो मदत काढून घेण्याचा. लेव्ह विगॉट्स्की १९२० च्या दशकात रशियात अपंग मुलांबरोबर काम करत होते, आणि अशी मुलं इतरांपेक्षा कमी वाढलेली नसून वेगळ्या रीतीनं वाढलेली असतात, असं त्यांचं म्हणणं होतं. मुलाला एकट्यानं जमतं आणि कुणाच्या मदतीनं जमतं, या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात शिकवायचं, हेही त्यांचंच. मदत द्यायला आमची गावं कधी मागं नसतात. शेजारी बसलेली पोरगी त्याचं दप्तर आवरते, त्याचं नाव लिहून देते, हळूच उत्तरही सांगते. ती वाईट नाही, मायेची आहे. तिला मी शिकवलं की आधी मनात दहा मोजायचे, मग पहिलं अक्षर सांगायचं, बाकी त्याचं त्याला. तिला ते फार अवघड गेलं. अजून सातलाच तोंड उघडते.

काट्याजवळच्या पोराची परवा घटक चाचणी झाली. प्रश्न वाचून दाखवायची सवलत सरांनी दिली. पाच गणितांपैकी तीन बरोबर, म्हणजे त्याच्या मानानं खूपच. त्यातल्या एकात सोळा वह्या, एकीला एकोणीस रुपये, असं होतं. त्यानं खाली फक्त ३०४ लिहिलं. सरांनी पायऱ्या नाहीत म्हणून एक गुण कापला. मी म्हटलं, त्याला विचारून बघा. त्यांनी विचारलं. तो म्हणाला, "वीसनं तीनशे वीस, त्यातले सोळा गेले." सर म्हणाले, हे बरोबर आहे, पण पेपरवर नाही. मी म्हटलं, तोंडानं सांगितलेली पायरी तुम्ही लिहून घ्या आणि गुण द्या. असा नियम कुठं आहे, ते दाखवा म्हणाले. केंद्रातल्या शिक्षकांच्या पुढच्या बैठकीत, म्हणजे शिक्षण परिषदेत, हा विषय घ्यायचा असं ठरलंय. तो एक गुण सध्या लाल शाईत तसाच आहे.